बिनमेणाची जोडी

१

“आई, ते सोल्डरिंग खाली ठेवा.”

“नाय ठेवत.”

“तुमचा हात थरथरतोय.”

“माझा हात कधी थरथरला नाही. तुझी नजर थरथरत असेल.”

पल्लवी, माझी सून, दुकानात येऊन उभी होती. ऑफिसची पर्स अजून खांद्यावर, आणि एका हाताने तिने वायरीचा प्लग पकडला होता, उपटू की नको अशा बेतात. मी टेबलाशी. माझ्यापुढे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी उघडी पडली होती आणि तिच्यातल्या दोन बारीक तारांची टोकं मला डाख वितळवून अदलाबदल करायची होती. इतकंच. भर दुपारी, उघड्या शटरच्या आत आम्ही सासूसुना दोन तारांवरून भांडत होतो. बोळातून जाणाऱ्याला वाटलं असतं, दागिन्यांवरून चाललंय.

“त्या तारांना हात लावलात तर मी या घरात राहणार नाही.”

“नको राहू. माहेर काय लांब नाय तुझं, दोन रिक्षा बदलल्या की आलं.”

“आई.”

“काय आई? तुला कळतंय का मी काय करत्ये ते? तू ऐकलंयस काय यातलं?”

“तुमच्यापेक्षा जास्त ऐकलंय,” ती म्हणाली.

तिथे मी थांबले. पण सोल्डरिंग खाली ठेवलं नाही.

२

आमचं दुकान पंचवटीत, भाजीबाजाराकडे जाणाऱ्या बोळात. मागे दोन खोल्या, तिथे आम्ही राहतो. पाटीवर अजून ‘मोटार वाइंडिंग’ असंच आहे. नवरा गेला तेव्हा दुकान विकून टाका म्हणून सांगणारे पुष्कळ आले. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी सायखेड्याची, चौथी शिकलेली. हे काम मला कोणी शिकवलं नाही. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार सोडवताना वेढे कसे बसवलेत ते बघायचं आणि तसेच परत बसवायचे. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, मिक्सर, सगळं भरून दिलं. बाईने भरलेली मोटार नको म्हणणाऱ्यांच्या मोटारी दुसरीकडे भरल्या, जळाल्या आणि माझ्याकडेच आल्या. नम्रपणा मला जमत नाही, कोणी मागूही नये.

दीपक, माझा एकुलता एक, कॉलेजात असताना गिटार घेऊन आला. वर्षभरात तिचा आवाज गेला. मी म्हटलं, आण इकडे, विजेवर चालतं ना, मग आत तार असणार. होतीच. गिटारीच्या तारांखाली एक चपटी डबी असते, पिकअप. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. वरची पोलादी तार हलली की खालच्या कॉइलीत वीज हलते आणि अँपातून, म्हणजे स्पीकरच्या खोक्यातून, आवाज होऊन येते. मात्र कॉइल एकटी असली की घरातल्या विजेची घूं पण तिच्यात शिरते. म्हणून जुन्या कारागिरांनी शेजारीशेजारी दोन कॉइली बसवल्या. एकीचे वेढे सुलटे, दुसरीचे उलटे, चुंबकाची टोकंही तशीच उलटसुलट. घूं दोघींत शिरते आणि एकमेकींत मरते. गिटारीचा आवाज दोघींतून एक होऊन बाहेर येतो. याला हंबकर म्हणतात.

जुन्या हंबकरांसाठी लोक वेडे होतात, त्याचं कारण मला दीपकच्या आधी कळलं. त्यांच्या दोन कॉइली कधी सारख्या नसत. वेढे मोजत कोण बसतो, तार गुंडाळायची बॉबिन भरलेली दिसली की मशीन थांबवायचं. तेवढ्या फरकाने आवाजाला धार येते. आणि आत मेण ओतत नसत. मेणात बुडवलेली कॉइल गुमान बसते, तारांखेरीज कोणाचं ऐकत नाही. बिनमेणाची सैल वेढ्यांनी थरथरत राहते, तिला खोलीतलंही ऐकू येतं. तिच्यावर टिचकी मारा, तिच्याजवळ तोंड नेऊन बोला, अँपातून येतं.

मग आम्ही मायलेकांनी आमची पद्धत काढली. प्रत्येक जोडीतली एक कॉइल मी भरायची, एक त्याने. माझा हात घट्ट, त्याचा सैल.

“तुझी कॉइल शिस्त लावते, माझी बिघडवते,” तो म्हणायचा.

“बिघडवण्यात तू पहिल्यापासून हुशार,” मी म्हणायचे.

पुण्याहून, गोव्याहून, पार शिलाँगहून लोक आमची बिनमेणाची जोडी मागवायचे. तिला नाव नव्हतं. मायलेकाची, असंच म्हणायचे.

३

सायखेड्याला भाच्याचं लग्न होतं. परतताना दीपक स्कूटी चालवत होता, मी मागे. चांदोरी सोडल्यावर उसाच्या ट्रॉलीने कट मारला, एवढं आठवतं.

दीपक गेला. मला ओरखडाही नाही.

दवाखान्यात नर्सने माझं पातळ सोडवलं तर ते आतल्या बाजूने रक्ताने भिजलेलं होतं. तिने माझ्या अंगावर जखम शोधली, पाठ बघितली, डोक्यातले केस बाजूला सारून बघितले. काही सापडलं नाही. त्यांचं असेल, ती म्हणाली. मीही तेच म्हटलं. आतल्या बाजूने कसं, हे तिने विचारलं नाही आणि मी पण नाही.

पावसाळा गेल्यावर दुकान उघडलं. घरात बसून भिंतींना काय सांगणार? पुण्याच्या शौनक नावाच्या गिटारवाल्याचा फोन आला, काकू, एखादी जोडी शिल्लक आहे का. ड्रॉवरमध्ये एक तयार होती, आमची शेवटची. पाठवण्याआधी तपासायची म्हणून ठोकळ्यावर ठेवली, अँपाला जोडली, स्क्रू-ड्रायव्हरने वर टकटक केलं.

काही नाही. बोलून बघितलं. काही नाही. तार तुटली असं समजून मी उठणार, तेवढ्यात समोर भाजी घेऊन बसणारी कुसाबाई ओरडली, “शेपू घ्या, शेपू,” आणि तिचा शेपू अँपातून स्वच्छ आला.

मी पुन्हा टकटक केलं. नाही.

“कुसाबाई, जरा आत ये गं.”

ती हात पुसत आली.

“यात बोल.”

“काय बोलू?”

“मनाला येईल ते.”

“लंकाबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय,” ती त्या डबीला म्हणाली. अख्खं वाक्य अँपातून आलं, तिच्या दात नसलेल्या फटीतल्या वाऱ्यासकट.

“आता मी बोलत्ये.” मी बोलले. अँप गप्प.

“तुझं बोलणं मशीनलापण सहन होईना,” कुसाबाई म्हणाली, हसली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून गेली.

मी हसले नाही. कारण शोधायला बसले. रबरी चपला काढल्या. हातातलं तांब्याचं कडं काढलं. ठोकळा बदलला, वायर बदलली. मग स्टीलचा पेला उचलून डबीशेजारी टेबलावर आपटला, इतक्या जोरात की बोळातलं कुत्रं उठलं. कुत्र्याचं भुंकणं अँपातून आलं. पेला आला नाही.

४

शौनकला सांगितलं, जोडी नाही. खोटं बोलायला मला आवडत नाही, पण बोलले.

त्यानंतर दुपारी जेवण झालं की मी अँप लावून बसायचे. म्हणायचे, दोष सापडला पाहिजे. बोळ दुपारचा निजतो. एखादी दुचाकी, लांब देवळातली घंटा, कुसाबाईचं घोरणं. ते सगळं अँपातून यायचं आणि मी नसल्यासारखी मी तिथे बसलेली असायचे.

एकदा त्यात मशीन ऐकू आलं. आमचं वाइंडिंगचं मशीन. त्याचा आवाज मी झोपेत ओळखेन, पट्टा सांध्यावरून जाताना एक बारीक ठसका देतो. मी वळून बघितलं. मशीनवर चादर होती. चादर काढली, पट्टा मीच सोडून ठेवला होता, प्लग बाहेर. मोटारीवर हात ठेवला, गार. अँपातलं मशीन चालूच होतं. तार ताणून धरणाऱ्या नमद्यावरून ती सरकताना होते ती सळसळ, मग वेग कमी, मग थांबलं. मग कोणीतरी घसा साफ केला.

बॉबिन भरली की घसा साफ करायची सवय एकाच माणसाला होती.

मी स्वतःला समजावलं. लंके, सैल तार आहे. रेडिओ पकडत असेल. शेजारी कोणाकडे पंपाचं काम चालू असेल. आमच्या बोळात दुसरं वाइंडिंगचं दुकान नाही, हे मलाच ठाऊक. तरी उठून दोन्ही बाजूंना बघून आले.

परत आले तर तो चहा पीत होता. कप पत्र्याच्या झाकणावर ठेवायचा तो, मी कितीदा ओरडले असेन, टेबल काय खातंय का तुला. पत्र्यावर कप. फुर्र करून घोट. पुन्हा पत्र्यावर कप. त्याच्या मागे आमचंच घड्याळ चालत होतं, आमचंच, ठोक्याआधी खरखरणारं.

“दीपक,” मी म्हटलं.

घोट.

“दीपक, अरे मी.” मी डबीला तोंड लावलं. ओरडले. गळ्याच्या शिरा दुखेपर्यंत ओरडले. त्याला काही कळलं नाही. लहानपणी गोदावरीच्या घाटावर तो गर्दीत हरवला होता, तेव्हा माझ्या एका हाकेला पाचशे माणसांतून वळला होता. आणि आता वीतभर अंतरावरून नाही.

मग त्याने कप ठेवला. नंतर एक आवाज आला, फार हलका. ओठ मिटून हुंदका गिळायचा त्याचा आवाज. बाप गेला तेव्हा मला कळू नये म्हणून तो असाच रडायचा, पाठमोरा.

कोणासाठी रडतोय हा, एवढंच माझ्या मनात आलं. त्याचं कोण गेलंय?

५

पल्लवीला मी काही बोलले नव्हते. ती सकाळी ऑफिसला जायची, संध्याकाळी यायची, स्वयंपाकाचं बघायची आणि माझ्यासमोर कधी रडायची नाही. मला तिचा रागच यायचा त्याचा. लग्न दोघांनी आपलं आपण जमवलेलं. मी म्हणायचे, एवढं प्रेमाचं लग्न आणि डोळ्याला पाणी नाही.

एका दुपारी मी नस्तनपुरेंच्या दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले होते. डॉक्टर आले नाहीत, म्हणून लवकर परतले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत आले तर पल्लवी माझ्या स्टुलावर बसली होती, ऑफिसच्याच साडीत, पाठ माझ्याकडे. अँपाचा लाल दिवा चालू.

“जेवलास का?” ती म्हणाली.

अँपातून आलं, “नंतर.”

“नंतर म्हणजे कधी? कालही तसाच झोपलास.”

“भूक नाही गं.”

मी शटरच्या पट्टीला धरलं. तिचं बोलणं त्याला ऐकू जात होतं. रोजच्यासारखं, नवराबायको बोलतात तसं, एकीकडे दुसरं काही करत. तिने पर्सची चेन उघडून काहीतरी शोधलंसुद्धा मधेच.

“पल्लवी,” तो म्हणाला, “आईच्या फोटोचा हार वाकडा झालाय. सरळ कर ना.”

पल्लवी उठली. दुकानाच्या भिंतीवर फोटो एकच आहे, दीपकचा, चंदनाचा हार घातलेला. ती त्याच्यापुढे गेली नाही. त्याच्या डावीकडे नुसती भिंत आहे, तिथे गेली. टाचा उंचावल्या, हवेत दोन बोटांनी काहीतरी धरलं, डावीकडून थोडं वर घेतलं आणि मागे सरकून बघितलं, झालं का सरळ.

“झालं,” ती म्हणाली.

“आता बरोबर दिसते,” तो म्हणाला.

मी आवाज न करता बाहेर आले आणि कुसाबाईच्या पोत्यावर बसले. ती म्हणाली, काय गं, पांढरी पडलीस, पाणी देऊ? मी तिला म्हटलं, कुसे, मला चिमटा काढ. तिने काढला. दुखलं.

६

रात्रभर मी विचार केला, आणि मी विचार करायला लागले की शेवटाला नेते. यात देवाधर्माचं काही नाही, हे आधी सांगते. शेजारणीने त्र्यंबकेश्वरला जाऊन विधी करा म्हणून सांगितलंच असतं, म्हणून तिला सांगितलं नाही. मला तारांची भाषा येते, मी तारांचाच विचार केला.

दोन कॉइली. एक त्याची, एक माझी. सुलटी आणि उलटी. जे मारलं जायचं ते एकमेकींत मारलं जातं आणि उरतं ते ऐकू येतं. आत तो ऐकू येतो, मी मारली गेलेय. एका कॉइलीची दोन टोकं फिरवली, हे टोक तिकडे आणि ते टोक इकडे, तर सगळं उलटतं. ऐकू येणारं मरतं, मेलेलं ऐकू येतं. शिकाऊ पोराकडूनसुद्धा ही चूक होते आणि गिटार घूं करायला लागते.

आत तो, बाहेर मी. टोकं फिरवली तर आत मी, बाहेर तो.

हे वेडेपण आहे हे मला कळत होतं. माझी अक्कल मला बाजूला बसून सांगत होती, लंके, डबी आहे ती, तांबं आणि लोखंड. मी तिला म्हटलं, असू दे. डबीच असेल तर काही होणार नाही. एक पिकअप बिघडेल. आणि डबी नसेल, तर माझं पोरगं या दारातून बाहेर येईल, कप पत्र्यावर ठेवेल आणि मी भिंतीवर राहीन, वाकड्या हारात. याहून स्वस्तात कोणत्या आईला मुलगा मिळालाय?

पल्लवी ऑफिसला गेल्यावर मी टोपण काढलं. काढलं आणि भिंग घेऊन वाकले. माझ्या कॉइलीच्या दोन्ही टोकांचा डाख माझा नव्हता. माझा डाख चपटा असतो, पसरलेला. तिथे दोन गोल टपोरे थेंब होते, दीपकसारखे. खाली जुन्या चपट्या डाखाचा ठसा दिसत होता, कोणीतरी एकदा सोडवून पुन्हा लावल्याचा. पण माझ्या कॉइलीला तो कधी हात लावत नसे. तसा आमचा करारच होता, आपापल्या तारांची टोकं आपण जोडायची.

काही तपासायला सोडवली असतील, मी म्हटलं. सोल्डरिंग तापायला लावलं. टोक तापेपर्यंत त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन आले. साडी बदलली. का बदलली, माहीत नाही. नीट दिसावं वाटलं.

आणि पल्लवी आली. दुपारच्या सुट्टीत त्याच्याशी बोलायला आली असणार.

७

“तुमच्यापेक्षा जास्त ऐकलंय,” ती म्हणाली होती, आणि मी सोल्डरिंग हातात धरून तिच्याकडे बघत होते. अँप चालू होता. त्यातून मशीन ऐकू येत होतं, दुपारचं, रोजचं.

“मी बघितलंय तुला,” मी म्हटलं. “बोलताना. हार सरळ करताना.”

ती दचकली नाही. फक्त प्लगवरचा हात काढून घेतला.

“मग तुला माहीतच आहे सगळं,” मी म्हटलं. “तो चौतिशीचा. माझं काय राहिलंय? गुडघे गेले, डोळे चाललेत. भरायची तेवढी तार भरून झाली. मला सांग, तू आई असतीस तर काय केलं असतंस?”

“हेच,” ती म्हणाली.

“मग अडवतेस का मला? तुला नवरा नको?”

फार वाईट बोलले. बोलताना कळत होतं. तिचा चेहरा असा झाला की मला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण उठले असते तर हात थंडावला असता.

“हवाय,” ती म्हणाली. “रोज हवाय. तुम्हाला काय वाटतं, मी तुमच्यासमोर रडत नाही ते मला येत नाही म्हणून?”

“मग हो बाजूला.”

“नाही.”

“पल्लवी, मी त्याची आई आहे.”

“माहीत आहे मला. तोही हेच म्हणाला, मी तिचा मुलगा आहे.”

“कधी?”

अँपातलं मशीन थांबलं. मी वाट बघत राहिले की तो घसा साफ करेल, पण त्याने केला नाही. तिकडे कोणीतरी आमच्यासारखंच कान देऊन बसल्यासारखं शांत झालं.

मी सोल्डरिंगचं टोक पहिल्या थेंबाला लावलं. कडेने डाख चकाकायला लागला. पल्लवी माझ्या हाताला झोंबली नाही, प्लग ओढला नाही. तिने पर्स खांद्यावरून काढली, दीपकच्या स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि आजाऱ्याशी बोलतात तशा हळू आवाजात मला म्हणाली, “आई, तुम्ही गेलात तेव्हा दीपकही असाच इथे बसला होता, हेच सोल्डरिंग घेऊन, आणि मी त्याला अडवलं नव्हतं.”